रिव्हर्सच्या खणातल्या कवड्या

कटरचं पातं मी लेन्सच्या कडेला टेकवलं आणि गोदाक्कांनी डोळे मिटून हात जोडले. मी मशीन बंद केलं.

"अक्का, टेललाइट हाय हा. बोकड न्हाई."

"तुमी तुमचं करा मिस्त्री, म्या माझं करते."

मग मी माझं केलं. पातं फिरलं, प्लास्टिकचा जळका वास सुटला, आणि गोदाक्का स्टुलावर बसून ओठ हलवत राहिल्या. डेपोत इतकी वर्षं काढली, पण माझ्या कटिंगला कुणी नमस्कार केल्याचं आठवत नाही.

मी बस डेपोत इलेक्ट्रिशियन होतो. रिटायर झाल्यावर घरी बसून बायकोच्या भाजीत मीठ शोधण्यापेक्षा बरं, म्हणून धाराशिवात एक गाळा घेतला. वायरिंग, बॅटरी, सेल्फ, हॉर्न ही रोजची कामं. अलीकडे लोकांना गाडीचे मागचे दिवे बदलून हवे असतात. नव्या गाड्यांना तयार सेट मिळतो, जुन्यांना तो बसत नाही. मग जुनाच डबा कापायचा, आत हवी तशी एलईडी बसवायची आणि परत बंद करायचा. डब्याला आम्ही हाउसिंग म्हणतो आणि वरच्या रंगीत झाकणाला लेन्स. हेडलाइटची लेन्स बहुतेक डिंकासारख्या सीलवर असते, गरम केली की सुटते. या जीपच्या टेललाइटची लेन्स मात्र प्लास्टिक वितळवून जोडलेली होती. ती कापावीच लागते. पातं थोडं आत गेलं तर हाउसिंग गेलं, थोडं बाहेर राहिलं तर लेन्स तडकली. त्यामुळे कापताना मी कुणाशी बोलत नाही, आणि कुणी हात जोडले तर माझा हात थांबतो.

टेललाइट होते दत्ताच्या जीपचे. दत्ता गोदाक्कांचा एकुलता एक मुलगा, राहणार तेर. मंगळवारी, शुक्रवारी आणि पौर्णिमेला जीप भरून माणसं तुळजापूरला नेतो. बाकी दिवस लग्नं, दवाखाना, बाजार. गाडी नीट ठेवणारा माणूस. असं गिऱ्हाईक आलं की मला बरं वाटतं, म्हणून तो काय मागतो ते मी आधी ऐकून घेतो. त्या दिवशी त्यानं खिशातून चौकड्याचा रुमाल काढला, माझ्या टेबलावर सोडला, आणि आतून कवड्या घरंगळल्या.

"ह्या टेललाइटात बसवायच्या," तो म्हणाला.

मला वाटलं थट्टा करतोय. पण दत्ता थट्टा करणाऱ्यातला नाही. थोडं थोडं करत त्यानं सगळं सांगितलं.

गोदाक्का आराधी आहेत. आपल्याकडं हे सांगायची गरज नसते, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. आराधी म्हणजे देवीच्या नावाची कवड्यांची माळ गळ्यात घातलेलं माणूस. मंगळवारी आणि शुक्रवारी हातात परडी, म्हणजे वेताची उथळ टोपली घेऊन पाच घरी जोगवा मागायचा. पीठ असो, दाणे असोत, जे मिळेल ते देवीचं. गोदाक्कांची माळ त्यांच्या सासूकडून आलेली. घरातल्या कुणीतरी ती पुढं घ्यायची असते. आता गोदाक्कांचे गुडघे गेले होते. पाच घरं सोडा, एक उंबरा चढणं जड झालं होतं. दत्ताचं लग्न अजून व्हायचं होतं, म्हणजे घरात सूनही नाही. राहिला दत्ता.

"माळ घालायला माझी ना न्हाई," तो म्हणाला, "पर मिस्त्री, मला सवारीकडं भाडं मागायला लाज वाटती. दारात हुबं ऱ्हाऊन पीठ कसं मागू?"

ते खरं होतं. दत्ता भाडं मागताना आरशात बघून बोलतो, हे त्याच्या गाडीत बसलेल्या कुणालाही विचारा. त्यामुळे त्यानं युक्ती काढली होती. आपल्याऐवजी गाडीच माळ घालेल. आठवड्यातून दोनदा देवीच्या दारी गाडीच तर जाते. गोदाक्कांनी हे ऐकून नाक मुरडलं, पण मोडता घातला नाही. त्यांची अट एकच होती. कवडी कवडीसारखी दिसली पाहिजे. नाही दिसली, तर नवरात्रात माळ तुळजापूरला न्यायची, देवीच्या पायावर ठेवायची आणि मोकळं व्हायचं. म्हणजे त्या घरातली माळ तिथंच संपली. हे सांगताना दत्तानं उगाचच दोनदा तोंड पुसलं. वर नवरात्राच्या आधी जीपचं पासिंग होतं, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची सरकारी तपासणी.

मी एक कवडी उचलून पाहिली. त्या गोदाक्कांच्या जुन्या, तुटलेल्या माळेतल्या होत्या. दोरा ओवण्यासाठी माळेच्या कवडीची पाठ घासून तिला भोक पाडलेलं असतं. मी त्या भोकाला टॉर्च लावली. समोरच्या दातेरी फटीतून उजेडाची रेघ आली आणि कवडी आतून दुधासारखी उजळली. खरं सांगतो, काम घ्यायचं मी तिथंच ठरवलं.

पण डेपोत हाताखाली घेणाऱ्या फोरमननं एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली होती. गाडीच्या मागं लाल, वळताना पिवळा आणि रिव्हर्सला पांढरा. यात कुणाच्या बापाची हौस चालत नाही. मी दत्ताला स्पष्ट सांगितलं की कवड्या बसवतो, पण त्या लालच लागतील. तो म्हणाला, आकार कवडीचा दिसला म्हणजे झालं. मलाही ते पटलं.

तर पहिल्या दिवशी लेन्स कापून झाली. आत तीन खण असतात. वरचा मोठा लाल, मधला इंडिकेटरचा पिवळा, खालचा बारका पांढरा. लाल खणात मी कवड्यांची ओळ बसवली आणि प्रत्येकीच्या पाठीत एक लाल एलईडी दिली. रिफ्लेक्टरच्या पट्टीला हात लावला नाही. दिवा बंद असला तरी मागच्याच्या उजेडात चमकते ती लाल पट्टी. ती गेली तर अंधारात उभी असलेली गाडी कुणाला दिसत नाही. मग पार्किंगला मंद आणि ब्रेकला लख्ख असा फरक राहील अशी वायरिंग केली, नाहीतर ब्रेक दाबलेला मागच्याला कळत नाही. लेन्स मात्र सील न करता टेपवर चिकटवली. गिऱ्हाईकाची मान हलल्याशिवाय मी सील करत नाही.

शटर अर्धं ओढून अंधार केला आणि दत्तानं दिवे लावले. मला तर आवडलं. गोदाक्कांनी मात्र डोळे बारीक केले. मग त्या म्हणाल्या, "डाळिंबाचं दाणं हायत ह्ये."

"माय, आकार बघ की," दत्ता म्हणाला.

"आकार बराबर हाय. उजेड डाळिंबाचा हाय."

त्यांनी गळ्यातली माळ पदराखालून बाहेर काढून आमच्यासमोर धरली. पांढरीशुभ्र. वापरून वापरून गुळगुळीत झालेली. पुढं वाद घालायला जागा नव्हती. त्या स्टुलावरून उठल्या, आणि नवरात्रात जाताना मला पुढच्या सीटवर बसव, मी माळ घेऊन येते, एवढं मुलाला सांगून जीपमध्ये जाऊन बसल्या. दत्ता जमिनीकडं बघत उभा राहिला. दिवसभराचं काम फुकट गेलं याचं मला वाईट वाटलंच, पण त्याचं तोंड बघून जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो जुन्या बाजारातून बिनरंगाच्या लेन्सची जोडी घेऊन आला. म्हणजे त्याला पांढरा उजेडच हवा होता. मी नाही म्हणालो. तो नुसता बसून राहिला. मागे लागणाऱ्या माणसाला घालवता येतं, गप्प बसणाऱ्याला घालवता येत नाही. शेवटी मीच मनाची समजूत घातली, की कवड्यांच्या भोवतीनं लाल एलईडी दिल्या तर मागच्याला लालही दिसेल आणि पांढरंही. रस्त्यावर ट्रायल घेऊ आणि मग बघू. गोदाक्कांना पुन्हा आणलं, पुढच्या सीटवर बसवलं आणि दिवस मावळायच्या सुमाराला तेरच्या रस्त्याला गाडी काढली. मी मागं रस्त्याच्या कडेला उभा राहिलो आणि दत्ताला सावकाश पुढं जायला सांगितलं.

दिसायला सुंदर होतं, हे नाकारत नाही. संध्याकाळच्या उजेडात दोन्ही बाजूंना पांढऱ्या कवड्यांच्या ओळी. मी स्वतःवर खूश होऊन बघत होतो, तेवढ्यात माझ्यामागून दुधाचा टेम्पो आला. मला ओलांडून पुढं गेला आणि जीप दिसताच त्यानं कचकन ब्रेक मारला. आतले कॅन एकमेकांवर आदळले. टेम्पो डांबरावरून खाली उतरला आणि बाभळीच्या अलीकडं थांबला. ड्रायव्हर खाली उतरला. तो शिव्या देईल असं मला वाटलं होतं. पण तो गोंधळून गेला होता.

"ती जीप म्होरं चाललीया का मागं येतीया?" त्यानं मला विचारलं.

मी जीपकडं पाहिलं. लाल होता, पण पांढऱ्यापुढं तो फिका पडला होता. कुणाला लागलं नाही, दूध सांडलं नाही, हे त्या टेम्पोवाल्याचं कसब, माझं नव्हे. मी त्याची माफी मागितली, पळत जीप गाठली आणि तिथंच कवड्यांचा कनेक्टर उपसून टाकला. दत्तानं आरशात सगळं पाहिलं होतं. 

गोदाक्कांनी काय झालं ते विचारलं. मी त्यांच्या दाराशी उभा राहून सांगितलं, की गाडीच्या मागं पांढरा दिवा दिसला की मागच्याला वाटतं गाडी आपल्या अंगावर मागं येतेय. त्या दिव्याचा अर्थच तो. तो अर्थ मला बदलता येणार नाही, तुमच्यासाठीसुद्धा नाही. दत्ताची फसवणूक नको म्हणून हेही सांगितलं, की आता माझ्याकडं दुसरा इलाज नाही.

गोदाक्कांनी माळेवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "म्हंजी गाडी मागं सरताना पांढरा लागला तर चालतो?"

"चालतो न्हाई अक्का, लागलाच पायजे."

त्या हसल्या. दोन दिवसांत पहिल्यांदाच. "मंग दोन दिस कशापायी डोकं फोडताय? देवीम्होरनं माणूस निघतो कसा? मागं सरतच की."

खरंच होतं. तुळजापूरला दर्शन झालं की आपण लगेच वळत नाही. हात जोडून, तोंड देवीकडं ठेवून चार पावलं मागं सरतो, मग वळतो. ही सवय इतकी अंगात मुरलेली असते की आपण तसं करतो हेही लक्षात राहत नाही. आणि दत्ताचा बोळ मला माहीत होता. एकदा बॅटरी उतरली म्हणून मी तिथं गेलो होतो. अरुंद बोळ, टोकाला भवानीचं लहानसं देऊळ, देवळाला लागून दत्ताचं घर. जीप देवळाकडं तोंड करून उभी असते. तिथं वळवायला जागा नाही. रोज सकाळी अख्खा बोळ रिव्हर्समध्येच पार करून बाहेर पडावं लागतं. त्या बोळावरून दत्तानं आजवर कितीदा कुरकुर केली असेल.

"आमच्या गाडीनं देवीला कवा पाठ दावली न्हाई," गोदाक्का म्हणाल्या. "सासूबाईंनी मला पयलं ह्येच शिकवलं हुतं."

दत्तानं स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. तो हसत होता का रडत होता, मी पाहिलं नाही. मला मात्र हसू आलं. पांढऱ्या दिव्याचा खण त्या टेललाइटात पहिल्यापासून होता. सगळ्यात खाली, चिखलानं माखलेला. मी गोदाक्कांना म्हणालो, आता माळ खालच्या खणात बसवतो. त्यांना वाटलं मी ओटीच्या खणाबद्दल बोलतोय. खण-नारळ म्या आणते, म्हणाल्या. आणि दुसऱ्या दिवशी खरंच घेऊन आल्या. नारळ गाडीपुढं फुटला आणि चोळीचा खण माझ्या बायकोला मिळाला.

मग काम सरळ होतं. जुनी लाल लेन्स परत जागेवर बसली आणि लाल खण पुन्हा लाल झाला. खालच्या खणात कवड्या कमी मावत होत्या, त्यामुळे निवड करावी लागली. ती गोदाक्कांनी केली. मी बाजूला काढलेल्या कवड्या त्या परत घेत आणि दुसऱ्याच देत. हिचे दात झिजलेत, हिचा ओठ फुटलाय, ही नुसतीच देखणी आहे. नुसतीच देखणी असण्यात काय वाईट, हे मी विचारलं नाही. प्रत्येक कवडीच्या पाठीत पांढरी एलईडी बसवली आणि वायर रिव्हर्सच्या स्विचवर घेतली. हा स्विच गिअरबॉक्सवर असतो. रिव्हर्स गिअर पडला की आत दाबला जातो आणि दिवा लागतो. गिअर काढला की विझतो. कवड्यांचा उजेड मऊ पडतो, म्हणून मूळचा रिव्हर्सचा बल्बही शेजारी ठेवला. हौस हौसेच्या जागी आणि उजेड उजेडाच्या जागी. शेवटी लेन्स पक्की सील केली आणि पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तसं हाउसिंग बादलीत बुडवून पाहिलं. एकही बुडबुडा आला नाही. गोदाक्कांनी पुन्हा हात जोडले. या वेळी मी काही बोललो नाही.

पासिंगला मी मुद्दाम बरोबर गेलो. साहेब तरुण होते, कमी बोलणारे. त्यांनी पार्किंग बघितलं, ब्रेक बघितला, इंडिकेटर बघितले, रिफ्लेक्टरवरून बोट फिरवलं. मग रिव्हर्स टाकायला सांगितलं. दत्तानं गिअर टाकला. साहेब खाली वाकले.

"हे काय आहे?"

"रिव्हर्स लाइट, साहेब," मी म्हणालो.

"ते कळलं. आत काय आहे?"

"कवड्या."

त्यांनी गिअर काढायला लावला. दिवा विझला. पार्किंग परत लावून मागं कुठं पांढरं दिसतंय का ते दोन्ही बाजूंनी बघितलं. दिसत नव्हतं. मूळचा बल्ब जागेवर आहे का, तेही पाहिलं. मग म्हणाले, "पुन्हा एकदा रिव्हर्स टाका." दत्तानं टाकला. साहेब थोडा वेळ तसेच वाकून राहिले आणि पुढच्या गाडीकडं गेले. पासिंग झालं.

पुढच्या मंगळवारी दत्तानं मला तेरला बोलावलं. जीप पहिल्यांदा बोळातून काढायची होती. मी बोळाच्या तोंडाशी उभा राहिलो. गोदाक्का पुढच्या सीटवर, माळ त्यांच्या गळ्यात. देवळाची घंटा वाजवून दत्ता बसला, रिव्हर्स टाकला आणि जीप मागं सरू लागली. बोळात अजून ऊन उतरलं नव्हतं. तोंड देवीकडं, आणि मागं खाली दोन्ही अंगांना कवड्या उजळलेल्या. मला फार आनंद झाला. कामाचा म्हणा, नाहीतर त्या माउलीचा म्हणा.

बोळाच्या मध्यावर एका दारात एक बाई उभी होती. तिनं कवड्या पाहिल्या. मग गोदाक्कांकडं पाहिलं आणि घाईनं आत गेली. बाहेर आली ती ओंजळीत ज्वारीचं पीठ घेऊन. मंगळवार, दारात माळ आलेली, तिच्या दृष्टीनं यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. ती जीपच्या मागं आली, दत्तानं ब्रेक दाबला, आणि ती टेललाइटसमोर उभी राहिली. पीठ घालायचं कशात, हे तिला कळेना. परडी नव्हती.

दत्ता खाली उतरला. काकू, राहू द्या, असं म्हणून तो परत गाडीत बसणार अशी माझी खात्री होती. गोदाक्का खिडकीतून बघत होत्या, पण त्यांनी मुलाला हाक मारली नाही. दत्ता तसाच उभा राहिला. कानापर्यंत लाल झालेला. मग त्यानं खिशात हात घातला, तो चौकड्याचा रुमाल काढला, दोन्ही तळहातांवर पसरला आणि त्या बाईपुढं धरला. तिनं पीठ घातलं. "आई राजा उदो उदो," तो म्हणाला. इतक्या हळू, की मला ते ओठांवरूनच कळलं.

मी जीपजवळ गेलो तोवर त्यानं रुमालाला गाठ मारून ती आईच्या मांडीवर ठेवली होती. गोदाक्कांनी ती चाचपून पाहिली. डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच होता.

"एक झालं," त्या म्हणाल्या. "चार घरं ऱ्हायली. हळू घे."

नवरात्रात त्या पुढच्या सीटवर बसून तुळजापूरला गेल्या. येताना माळ दत्ताच्या गळ्यात होती, शर्टाच्या आत. आता ती बाहेर असते. परडीही नवी घेतलीय.

राहता राहिला माझा धंदा. दत्ता मंगळवारी आणि शुक्रवारी तो बोळ इतका सावकाश मागं सरत येतो, थांबत, पुन्हा गिअर टाकत, की त्याचा रिव्हर्सचा स्विच मला दोनदा बदलावा लागलाय. गाडीत सगळ्यात कमी वापरला जाणारा स्विच म्हणून आम्ही तो स्वस्तातला टाकतो. नवीन कारागिरांना माझं सांगणं एवढंच आहे, की चांगला टाका. कुणाच्या गाडीला मागं किती सरायचं आहे, हे आपल्याला आधी माहीत नसतं.